बाकी चार

गुरुवारच्या बाजारात मेथीची जुडी बांधता बांधता
मालनबाई विचारतात, "बाई, पगार किती पडतो?"
मी म्हणते, पुरतो.
घरमालकाला म्हणते, बिल पंचायत समितीत अडकलंय.
स्थळ घेऊन आलेल्या मामांना आई परस्पर सांगते,
जिल्हा परिषदेत आहे.
आकडा आम्ही कुणीच बोलत नाही,
घरातलं दुखणं बोलत नाहीत तसा.

मी शिक्षण सेवक.
ऑर्डरवर तसंच छापलंय, सेविकासुद्धा नाही.
तीन वर्षं, महिना सोळा हजार.
त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं.
मान आणि धन एकाच शब्दात कोंबलेत कुणीतरी
जागा वाचवायला.

शेजारच्या वर्गात मुटकुळे सर.
मध्ये नुसतं कपाट आडवं, त्यांचे पाढे माझ्या वर्गात येतात.
त्यांना ऐंशी हजार.
तीच घंटा, तेवढीच लेकरं, तोच गळका नळ.
कधी कधी मनात वाईट येतं.
मग खिचडीचा गॅस संपतो
आणि सर घरचा सिलिंडर मोटारसायकलला बांधून आणतात,
शाळेचं लाइट बिल भरतात, पावती मागत नाहीत.
माझं वाईट मग कुणाच्या दारात टाकावं कळत नाही.

मार्च. शिवारात हळद शिजतेय,
वाफेचा कडवट वास खिडकीतून आत.
चौथीला भागाकाराची उजळणी.
"एका मजुराला..." एवढंच वाचलं मी,
तर दीक्षा खंदारे उठली.
तिच्या वहीच्या कोपऱ्यावर मायच्या अंगठ्याचा पिवळा ठसा.
"बाई, तुमची रोजी किती?"

कुणी हसलं नाही.
या वर्गात ही साधी चौकशी असते, जेवलात का विचारावं तशी.

मी फळ्यावर सोळा हजार लिहिले.
पहिल्यांदाच कुठंतरी एवढे मोठे लिहिले.
भागिले तीस.
"मार्च एकतीसचा हाय, बाई."
पुसलं.
"अन् रविवार?" मागून विष्णू. "रविवारी सुट्टी असती. धरू नका."

गेल्या रविवारी मी मतदार यादी घेऊन अख्खी वाडी हिंडले,
मेलेल्यांची नावं कमी करत.
एका म्हाताऱ्यानं नवऱ्याचं नाव खोडताना सुनेला आत पाठवलं
अशी घरं.
त्याच्या आदल्या रविवारी शौचालयं मोजली.
म्हटलं, धर रे, रविवार धर.

पाचशे सोळा. बाकी चार.

दीक्षा बोटांवर काहीतरी जुळवत होती.
"मायला हळदीत साडेतीनशे भेटतेत, बाप्यायला सहाशे.
म्हंजे तुम्ही मायपेक्षा जास्त, पर बापापेक्षा कमी."
आणि खाली बसली,
उत्तर बरोबर आलं की बसते तशी.

डी.एड., दोनदा टीईटी, परभणीतली सात वर्षं,
आईच्या पाटल्या,
आणि ही माझी जागा, साडेतीनशे आणि सहाशेच्या मधली.
रडू यायला हवं होतं बहुतेक.
आलं नाही. तिची माय डोळ्यांपुढे आली.
हळदीचं काम वीस दिवसांचं. मग?
तिचा हिशेब आधी मांडावा की माझा,
असं उदाहरण पुस्तकात नाही.
पण तिचं कमी आहे म्हणून माझं बरोबर ठरतं
असंही कुठल्या पाढ्यात नाही.

"बाई, चारचं काय करायचं?" विष्णू.
राहू दे, म्हटलं.

मधली सुट्टी झाली. ताटल्या वाजल्या.
डस्टर मागायला मुटकुळे सर आले,
फळ्यापाशी थांबले.
आकडे वरून खाली वाचले, एकदा.
चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.
मग म्हणाले, "पडताळा राहिलाय,"
आणि अंडी मोजायला गेले.
डस्टर तिथंच ठेवून.